ज्या डॉक्टरला आम्ही शिव्या घातल्या

पोळ्याच्या आधी पांढुर्ण्यात माझ्या भाच्याचा सत्कार झाला. एक पाय गमावलेल्यांच्या फुटबॉलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते, तिच्यात तो भारताकडून खेळून आला होता. माईकवरचा माणूस म्हणाला, "गोटमारीत लागलेला पाय देवीच्या भस्मानं बरा होत आला होता. नागपूरच्या डॉक्टरनं घाई केली अन् कापून टाकला." लोक हळहळले. पहिल्या रांगेत मीही मान हलवली. ही हकीकत मीच रचलेली आहे आणि ती खोटी आहे.

माझं घर सावरगावचं. बहीण जाम नदीपलीकडे पांढुर्ण्यात दिलेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते; दोन्ही काठांवरून दगड चालतात तेव्हा मामा इकडे आणि भाचा तिकडे, यात आमच्याकडे कुणाला वावगं वाटत नाही. पाय गेला त्या वर्षी भाचा नुकता कॉलेजात गेला होता. नदीच्या पात्रात रोवलेला झेंडा पळवायला धावताना त्याच्या नडगीवर दगड बसला आणि तो आमच्या काठाला पडला. मी त्याला घरी आणलं, जखमेत देवळातलं भस्म दाबलं. गावात ते लावायचा मान माझा होता.

तिसऱ्या दिवशी त्याला ताप चढला. बहीण पायाशी बसून होती.

"दादा, दवाखान्यात नेऊ न रे याले. पाय काळा पडून राहिला."

"रडून काय राहिली? देवीवर भरोसा नाही का तुह्या?"

भरोशाचं मी तिला सांगितलं. माझ्या मनात वेगळंच होतं. भस्म लावणाऱ्याचाच भाचा दवाखान्यात गेला, तर उद्या माझ्याकडे कोण येणार? शेवटी मला न विचारता तिनेच गाडी केली आणि त्याला नागपूरला नेलं. मी मागून पोहोचलो. डॉक्टर मला भाच्याच्या खाटेपासून जरा बाजूला घेऊन म्हणाला, "दोन दिवस आधी आणलं असतं तर पाय राहिला असता." ते मी गिळलं. बाहेर येऊन बहिणीला सांगितलं, "घाई केली त्यानं. तू आणलंच कायले इथं?"

तेव्हापासून ती एकच वाक्य म्हणत आली: "मीच नेलं नागपूरले." मी एकदाही तिला अडवलं नाही.

भाचा पुढे सौंसरला एका दुकानात लागला. तिथल्या मैदानावर दोन पायांच्या पोरांत कुबड्या घेऊन खेळायचा. पोरं ओरडायची, "ए तीनपाय्या, पास दे न बे!" तोही शिवी हासडून पास द्यायचा. मी मात्र त्याला चारचौघांत नकली पाय काढू देत नसे.

स्पर्धेच्या फुटबॉलमध्ये तो काढावाच लागतो. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी बहिणीने मला मोबाइलवर त्याची मॅच दाखवली. कुबड्यांवर अंग झोकून तो धावत होता. त्याने मारलेला चेंडू खांबाला लागून परत आला. बहिणीचं चेंडूकडे लक्षच नव्हतं. ती त्याच्या चड्डीच्या रिकाम्या बाजूकडे बघत होती. म्हणाली, "मीच नेलं नागपूरले."

तेव्हा मी सगळं सांगितलं. तिने मोबाइल तेवढा बंद केला.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, आईनं सांगितलं. मले त तवाच समजलं होतं. डॉक्टर बोलला तवा मी जागा होतो. तुमची इज्जत जाईन म्हणून गप होतो. आईचं असं होऊन राहिलं, हे तुमाले दिसत नव्हतं काय?"

दिसत होतं.

भाऊबीजेला मी पूल ओलांडून तिच्याकडे गेलो. पाट मांडलेला नव्हता, आरतीचं ताट नव्हतं. तिने पाणी दिलं आणि उभ्यानेच म्हणाली, "त्या डॉक्टरचा पत्ता काढून दे. जिवंत असन त मले त्याच्या पाया पडाचं आहे."

"मी पण येतो," मी म्हणालो.

"तू नोको येऊ."