कंबरेच्या पुड्या

जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत आमची पिठाची गिरणी आहे. नवरा शेत बघतो, गिरणी माझ्याकडे. दळणाचे डबे उचलून उचलून माझी कंबर गेली. शेजारणीने सांगितलं, पलीकडच्या गावात एक जण पुड्या देतो. नवऱ्याने आणून दिल्या. तिसऱ्याच दिवशी ज्वारीचा भरला डबा मी एकटीने उचलला.

मग पुड्या चालूच राहिल्या. भूक वाढली, गाल वर आले. बायका म्हणायच्या, "तब्येत सुधरली तुमची!" मलाही बरं वाटायचं. पण हनुवटीवर केस यायला लागले. तीन महिने पाळी आली नाही. जाऊबाईंनी हळूच विचारलं, "दिवस तर न्हाई गेले?" मी लाजेने मरून गेले. घशाला सारखी कोरड. तांब्याभर पाणी प्यायचं आणि गिर्‍हाईक उभं असताना चक्की बंद करून मागे पळायचं.

एकदा ठरवलं, बस्स. पुडी घेतलीच नाही. तिसऱ्या दिवशी उलट्या, चक्कर, अंगात उभं राहायचंही त्राण नाही. नवरा घाबरला, गाडी काढून पुडी घेऊन आला. ती घेतली आणि दिवस मावळायच्या आत मी उठून बसले. त्या दिवशी मला खरी भीती वाटली.

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पुड्या बघितल्या. साखर फार वाढली होती. "ह्यात स्टेरॉइड असणार," त्या म्हणाल्या. "शरीर ते स्वतः बनवतं. बाहेरून मिळत गेलं, म्हणून आतलं काम थांबलं."

"मंग आजपासून बंद करते."

"बिलकुल नाही. एकदम सोडलं तर जीवावर बेतेल. मोजून देते, हळूहळू कमी करू."

म्हणजे ज्या औषधाने वाटोळं केलं त्याचीच गोळी रोज सकाळी हाताने तोंडात घालायची, आणि त्याने वाढवलेल्या साखरेसाठी पोटात सुई टोचायची. नवरा समोर बसून बघायचा. एकदा म्हणाला, "मीच आणून दिल्या." राग आला होता, पण तोही कुणावर काढायचा?

गोळी सुटायला वर्ष गेलं. पाळी परत आली, चेहऱ्याची सूज उतरली, सुईही थांबली. पण साखरेची गोळी राहिलीच, आणि कंबर पहिल्यासारखीच दुखते. आता मी पट्टा बांधून स्टुलावर बसते. ज्याने त्याने आपला डबा आपणच ओतायचा. काही जणी नाक मुरडतात आणि दुसऱ्या गिरणीत जातात.