नारळ आधी फोडला

सौसरला दादाचं वेल्डिंगचं दुकान होतं. तिथं त्यानं संत्री निवडायचं यंत्र बनवलं. दोन उतरत्या सळया, खाली जाताना फाकत जाणाऱ्या; बारीक फळ आधी गळायचं, मोठं शेवटी. एक सळई तोकडी पडली म्हणून तिला वाकडा जोड दिला होता. या यंत्रावर आपलं नाव लागावं, एवढंच दादाला हवं होतं. पेटंटचा इंग्रजी अर्ज मी लिहिला, कारण घरात बी.ए. मी एकटाच. तेही इतिहासात.

"आजच टाकतो पोस्टात," मी म्हणालो.

"असा कसा बे? आधी जामसांवलीले नारळ फोडू. मारुतीले दाखवल्याबिगर पेटंटच्या हापिसाले दाखवतं काय?"

मलाही पटलं. शनिवारी यंत्र देवळापुढं मांडलं, गर्दीसमोर चालवून दाखवलं. बोरगावच्या कारखान्यातल्या इंजिनीअरला मीच बोलावलं होतं. तो आमच्याकडे जेवायचा, वहिनीला ताई म्हणायचा. त्यानं फोटो काढले. कोणती सळई किती फाकते, हे मी त्याला बोट दाखवून समजावलं. माझं इंग्रजी त्या दिवशी फार सुरेख चाललं होतं.

सोमवारी अर्ज गेला. पुढे कारखान्याची हरकत आली: हे यंत्र अर्जाआधीच लोकांसमोर आलेलं आहे, सबब नवीन नाही. सोबत इंजिनीअरचं प्रतिज्ञापत्र आणि देवळापुढचा फोटो. फोटोत मधोमध मी, बोट सळईवर.

सरकारनं जाहीर केलेल्या प्रदर्शनात यंत्र दाखवलं असतं, तर कायद्यानं चाललं असतं म्हणे. मारुतीचं अंगण त्या यादीत नव्हतं. अर्ज फेटाळला गेला.

"मले ताई म्हणत होता ना तो?" वहिनीनं एवढंच विचारलं.

दादा फोटो बघत राहिला. "तुहा फोटो मात्र झकास आला, साहेब."

त्यानं मला साहेब म्हटल्याचं ते पहिलंच.

पुढच्या हंगामात पांढुर्ण्याच्या बाजारात कारखान्याचं यंत्र आलं. हिरवा रंग, पितळी पाटी, पाटीवर कारखान्याचं नाव. दादा वाकून बघत होता.

"काय पाहून राहिला?" मी विचारलं.

त्यानं एका सळईवर बोट ठेवलं. तिथं तोच वाकडा जोड होता, जसाच्या तसा उतरवलेला. त्यांच्याकडे काही सळई तोकडी पडली नव्हती.

"पाटी त्यायची," दादा म्हणाला, "पण चूक माही हाय."