दरबारी हात

नव्वदच्या दशकात आखातात, रिफातल्या एका अरब शेठच्या बंगल्यावर मी एसी दुरुस्तीला जायचो. तिथे शेठचं चित्र काढायला एक जर्मन आला होता. त्याचे पूर्वज दरबारी चित्रकार होते. तिकडचे राजे संपले, म्हणून हा इकडे शोधत आलेला. चित्रात राजाचं पोट आत घेणं आणि टकलावर केस आणणं ही त्यांची खानदानी कला. शेठला बसायला वेळ नव्हता. मग त्या जर्मनाने माझ्या नखांतलं ग्रीस पुसलं, मला शेठचा जरीचा झगा घालून खुर्चीत बसवलं आणि माझे हात रंगवले.

"चेहरा फोटोवरून काढीन," ब्रश चावत तो म्हणाला. "राजाच्या चित्रात हात नेहमी नोकराचेच असतात."

पुढच्या खेपेला चित्र दिवाणखान्यात लागलं होतं. माझ्या बोटात पाचूची अंगठी! बघायला जवळ गेलो, तर बंगल्याचा मॅनेजर खेकसला, "यल्ला, हटो! गंदा हाथ मत लगाओ!"