दादारावांचा पेला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. लिहितानासुद्धा दाराकडं बघते आहे — कुणी आलं तर?

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्या सुमाराची गोष्ट. उदगीरला पाऊस नव्हता, पाणी टँकरचं. आमच्या घराला लागूनच गायन क्लब होता, निजामाच्या वेळचा. सोमवारी आडत बंद, म्हणून त्या संध्याकाळी बैठक. कुणीही यावं, जाजमावर बसावं, वाजवावं. बाहेरून आलेल्याला पहिला मान. आमचे मालक तबल्यावर असायचे. मागच्या दाराशी क्लबचा रांजण होता, तो भरायचं काम माझं.

दादाराव लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. दुष्काळात लग्नं थांबली, बँड बसला. वाजवायला त्यांना ही एकच जागा उरली. लग्नात ते दाराबाहेर जेवत. इथं जाजमावर बसत — पण पेला वेगळा. तो मीच भरून द्यायची. वाद्याच्या तोंडाला वेताची पातळ पत्ती असते, भिजल्याशिवाय ती बोलत नाही. ते ती त्या पेल्यात बुडवत. हे मी दर सोमवारी बघत होते. हे लक्षात ठेवा.

ज्वारी निवडताना मी आईची ओवी गुणगुणायची, अगदी हळू. भिंतीपलीकडं जाईल असं वाटलंच नाही. एका सोमवारी दादारावांनी तीच चाल वाजवली. सगळे वाहवा करत होते. मालकांचा हात तबल्यावर थांबला.

घरी येऊन ते एवढंच म्हणाले, “ही चाल आपल्या घरातली हाय. त्याच्यापर्यंत गेली कशी?”

मी ताट वाढायला उठले. मग ते माझ्याकडं बघायचे, मी त्यांच्याकडं. शेजारीण हसली तरी वाटायचं — हिला कळलंय. दादारावांनी मुद्दाम वाजवली का? पुन्हा वाजवतील का? तो माणूसच इथं नको, असं माझ्या मनानं घेतलं. मी मालकांना सांगितलं, दादाराव पत्ती रांजणात बुडवतात.

पुढच्या सोमवारी क्लबचे अध्यक्ष, आडतवाले अप्पा, त्यावरून त्यांना सगळ्यांपुढं बोलले. दादारावांनी नुकतीच भिजवलेली पत्ती हातात धरली होती.

“मी माझ्याच पेल्यात बुडवतो, अप्पा. वैनीला विचारा. त्याच पाणी देतात.”

सांगणारी मीच, हे त्यांना माहीतच नव्हतं. अप्पांनी दाराकडं तोंड करून विचारलं. मी पदर पुढं ओढला.

“रांजणातच,” मी म्हणाले.

दादारावांनी पत्ती पुसून खिशात ठेवली, पेला उंबऱ्याशी ठेवला आणि ते गेले. पुन्हा आले नाहीत. धर्माबादला हमाली करतात, असं पुढं कानावर आलं. मी चौकशी केली नाही. मालक त्या सोमवारी हसून जेवले.

अप्पांनी रांजण ओतून घासायला लावला. तसल्या दिवसांत तेवढं पाणी मी नालीत सोडलं. नवं भरलं. उंबऱ्यावरचा पेला तसाच होता, पत्ती भिजवलेल्या पाण्यानं अर्धा भरलेला. तेवढं मात्र टाकायला हात होईना. मी ते रांजणात ओतलं.

पुढच्या बैठकीला सगळे तेच पाणी प्याले. अप्पा प्याले, मालक प्याले. मीच भरून दिलं.