सातवी बाटली

दवाखान्यातल्या कंपाउंडरला सगळी आळी चमचेकाका म्हणायची. कारण एकच. औषधाची नवी बाटली फोडली की पहिला चमचा त्याचा. "आधी माझ्या जिभेवर, मग लेकरांच्या," म्हणत तो चमचा चाटायचा आणि समोरच्या पोराचं नाक धरून पहिला डोस स्वतःच्या हातानं घशाखाली उतरवायचा. तीस वर्षं हाच नेम, आणि त्याचा तोरा तरी केवढा! आयाबायाही डॉक्टरला सोडून त्यालाच विचारायच्या.

खोकल्याचं नवं औषध आलं, तेही त्यानं चाखलं. नेहमीपेक्षा गोड! मेल्याला केवढा आनंद झाला. म्हणाला, "आता एक पोर थुंकायचं नाही." कारखान्यातल्या कुणा हरामखोरानं त्यात स्वस्तातलं विषारी द्रव ओतलं होतं आणि ते विषच गोड होतं. त्या जिभेला ते काय कळणार, कपाळ! थेंबभर चाखून मोठ्या माणसाला काही होत नाही. चिमुरड्यांना चार दिवस चमचा चमचा गेलं की मूत्रपिंडं निकामी होतात, लघवी बंद पडते, अंग सुजतं.

आळीत सात घरी सात बाटल्या गेल्या होत्या. शहरातल्या मोठ्या इस्पितळातून डॉक्टरला फोन आला, "तीन मुलांची लघवी बंद आहे, ते औषध थांबवा." तसा चमचेकाका अनवाणीच पळत सुटला. दारोदार जाऊन सहा बाटल्या त्यानं अक्षरशः हिसकावून आणल्या. सातवी वेल्डरची. त्याच्या घराला कुलूप, फोन लागेना. त्याचा थोरला मुलगा त्या तिघांतलाच, शहरात इस्पितळात होता, पण धाकटी कुठं ठेवली होती ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि चमचेकाकानंच वेल्डरच्या बायकोला बजावलं होतं, "धाकटी खोकली की तिलाही यातलंच दे, एका बाटलीत दोघांचं भागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी वेल्डर आला तो सळई घेऊनच. थोरला सकाळी गेला होता.

पहिल्या फटक्यात औषधांचं काचेचं कपाट खाली आलं, दुसऱ्यात चमचेकाकाचा खांदा निखळला. मागून घुसलेल्या माणसांनी टेबलं उलथी केली. डॉक्टर मागच्या दारानं पसार.

"माझ्या पोराला तू पाजलंस! तुझ्या हातानं!" वेल्डर ओरडत होता.

चमचेकाका नाही म्हणाला नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार? तो एकच विचारत राहिला. "धाकटी कुठं आहे?"

"तिचं नाव काढू नकोस!" सळई तोंडावर बसली. चार दात फरशीवर पडले.

त्यानं वेल्डरचे पाय धरले. लोकांना वाटलं, गयावया करतोय. लाथांचा नुसता पाऊस पडला, एक बरगडी मोडल्याचं त्यालाच ऐकू आलं. तरी त्यानं वेल्डरला विजारीला धरून खाली खेचलं आणि रक्त थुंकत त्याच्या कानाशी ओरडला, "मार, जीव घे माझा! पण आधी सांग, ती बाटली धाकटीबरोबर गेली का?"

वेल्डरचा हात वरच थांबला. धाकटीला मावशीकडे धाडताना बायकोनं पिशवीत काय काय भरलं होतं ते त्याला आठवलं. फ्रॉक, बाहुली, बाटली. सळई टाकून तो जो धावत सुटला, त्यानं मागं वळून पाहिलं नाही. बाकीच्यांना काहीच उमगलं नाही. पोलीस येईपर्यंत ते मारतच राहिले.

चौथ्या दिवशी वेल्डर चमचेकाकाच्या खाटेशी येऊन उभा राहिला. चमचेकाकाचा जबडा तारेनं बांधलेला, एक हात गळ्यात अडकवलेला. राहिलेलं काम पुरं करायला आलाय, असं समजून चमचेकाकानं डोळे मिटून घेतले.

"दोनच चमचे गेले होते," वेल्डर म्हणाला. "दोन दिवस टांगणीला लावलं पोरीनं. आज शू झाली. चांगली भरपूर झाली."

बांधलेल्या जबड्यातूनच चमचेकाका हुंदके द्यायला लागला.

मग वेल्डरनं त्याच्या गालावर काडकन एक ठेवून दिली. तारेखालून रक्त आलं.

"ही थोरल्याची," तो म्हणाला, आणि खाटेच्या कडेला बसून ओक्साबोक्शी रडला.

चमचेकाकानं गालाला हात लावला नाही.