शिक्षा कपाळाला

चाचा कुणाच्या डोक्याला हात लावत नसत. डोकेदुखी घेऊन आलेल्या माणसाला ते पाठमोरं बसवत, अंगठा मानेत रोवत आणि रागानं म्हणत, "डोकं न्हाई दुखत तुमचं. मान दुखती. कपाळाला कशाला फडकी बांधता?"

लढाईच्या वर्षांत ते नगरच्या लष्करी इस्पितळात सैनिकांची अंगं चोळायच्या कामावर होते. तिथं शिकून मिरजगावला परतले. मानेवर गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवायचं, खांदे मळायचे, मग कवटीखालचे दोन खळगे सावकाश दाबायचे. माणूस सैल पडून डुलकी घेई, तरी चाचा त्याच्यावर ओरडतच राहत. मदत करताना भांडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आम्ही हसायचो.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. माझ्या बायकोचं डोकं रोज दुपारनंतर पट्टा आवळल्यासारखं दुखे. आईनं बाहेरची बाधा ठरवली आणि डाग देणाऱ्याला बोलावलं. तापलेली सळई दोन्ही कानशिलांना लागली.

दुसऱ्या सकाळी चाचा दारात उभे.

"मास्तर, बैलाला डागताना चौघं धरत्यात. हिला कुणी धरलं?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. तिचे हात मीच धरले होते. चाचांना ते कळलं. आजही तो क्षण आठवला की मला माझाच संताप येतो.

"पान्याच्या किती खेपा घालती ही?"

"आठ-दहा," मी म्हणालो.

"डोक्यावर हंडे घेऊन दहा खेपा. दोष मानेचा, आन् शिक्षा कपाळाला."

आई आतून म्हणाली, "सुनेला परक्याचा हात लागू देनार न्हाई मी."

"मी कशाला लावू? मास्तरांना हात हायेत की."

ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि तिथूनच मला शिकवू लागले. "तिचा श्वास ऐका. श्वास अडला की समजा, जोर लई झाला. कनीक तिंबताय काय?" आईदेखत बायकोच्या मानेला हात लावताना मला घाम फुटला. तिचे खांदे लाकडासारखे होते. पाणीही मीच आणू लागलो. पाणवठ्यावर हसू झालं. महिन्याभरात दुखणं बरंच उतरलं.

मी आभार मानायला गेलो, तर चाचांनी वर पाहिलं नाही. "दुखनं गेलं. डाग कुठं जानार?"

पुढच्या उन्हाळ्यात ते तापानं गेले. मी नगरला होतो, माती द्यायलाही पोचलो नाही.

काही दिवसांनी, दुपारी, आई माझ्यापुढं पाठ करून बसली. तिनं मानेवरचा पदर खाली घेतला. मी केस बाजूला सारले. तिथं जुन्या डागांच्या तीन खुणा होत्या.