मुगलचा उजवा डोळा

कुठल्याही खोलीत शिरला की मिगेल आधी आपला उजवा डोळा मिटून घेई, भिंत चाचपडत चार पावलं टाकी आणि मग डोळा उघडे. डावा केव्हाच गेलेला होता, त्यामुळे उजवा मिटला की सगळा काळोखच. एकदा न राहवून मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "सराव करतो. मी भीती आहे, इब्रा." 'मला भीती वाटते' हे वाक्य त्याला शेवटपर्यंत जमलं नाही.

माझा थोरला भाऊ हसन आगबोटीवर कोळसा ओढायच्या कामाला होता. सन तीसच्या सुमारास एका सफरीवरून परतला तो या माणसाला घेऊनच रत्नागिरीतल्या राजिवड्याच्या आमच्या घरी आला. "हा मेक्सिकोचा चँपियन हाय," तो आईला म्हणाला, "बोटीवर भटारखान्यात होता. धड दिसत नाय म्हणून कप्तानानं मुंबईत उतरवला. आता आपल्याकडे ऱ्हायल." मोहल्ल्याने आठवड्याभरात मिगेलचा मुगल करून टाकला. मराठी तो बोटीवरच्या आपल्याकडच्या खलाशांकडून शिकला होता. शिव्या अस्खलित, बाकी सगळं मोडकंतोडकं.

त्याची हकिकत मला जेटीवर बसून तुकड्यातुकड्यांनी कळली. बाप खाणीत गाडला गेला. पोरगा शहरात येऊन खाटकाकडे बैलांची धडं वाहू लागला. त्याचे खांदे पाहून कुणीतरी त्याला मुठींच्या खेळात आणलं. ऐन विशीत तो देशाचा चँपियन झाला, तेव्हा लोकांनी घोडे सोडून त्याची गाडी स्वतः ओढली. पण किताबाच्या त्या लढतीविषयी विचारलं की तो उठून पाण्याकडे तोंड करून उभा राही. पुढे मार खाऊन एक डोळा गेला, मागोमाग किताबही गेला. आणखी एक ठोसा बसला तर दुसराही जाईल, असं मुंबईच्या डॉक्टरने त्याला बजावलं होतं. आमच्या आईने सुपारी फोडायला अडकित्ता उचलला तरी तो मान मागे घेई.

हसनला त्याच्याकडून ठोसे शिकायचे होते. मुगल त्याला अंगणात उभा करी आणि म्हणे, "आधी पड. पडायला शीक."

"पडायला काय शिकायचंय? मारायला शिकव!"

"मारायला गाढव पण शिकतो."

हसन चिडून निघून जाई. पडायला तो शिकला नाहीच.

पावसाळा सरल्यावर गावात सर्कस आली. तिच्यात एक धिप्पाड मुष्टियोद्धा होता. रोज संध्याकाळच्या खेळात तो रिंगणात उभा राहून लोकांना डिवचायचा. "रत्नागिरीत मर्द नाय काय?" असं त्याने विचारलं आणि मी दंड पकडायच्या आत हसन दोर ओलांडून आत गेला.

सुरुवातीला लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. मग हळूहळू आवाज बंद झाला. हसनचं नाक फुटलं, एक डोळा सुजून मिटला, हात खाली लोंबू लागले, तरी तो पाय रोवून उभाच. ठोसा बसला की मान एका बाजूला जाई आणि परत येई. खेळ थांबवा म्हणून मी ओरडत होतो, पण कुणी ऐकेना.

"पडला का?" माझ्या शेजारी बसलेल्या मुगलने विचारलं. बत्त्यांच्या उजेडात त्याला धड दिसत नव्हतं.

"नाही. उभाच आहे."

त्याने माझं मनगट धरलं. त्याची बोटं बर्फासारखी गार होती. "मला दोरापर्यंत ने," तो म्हणाला.

आत शिरून त्याने हसनला खांद्याने खाली लोटलं. हसनसाठी निघालेला ठोसा मुगलच्याच उजव्या डोळ्यावर बसला. तो डगमगला. मग उजवा हात त्या धिप्पाड माणसाच्या छातीवर टेकवून जणू जागा शोधली आणि डाव्या हाताने बरगडीखाली एकच फटका मारला. तो माणूस गुडघ्यांवर बसला तो उठलाच नाही. तंबू दणाणून गेला. मुगल मात्र हात पसरून जागच्या जागी फिरत होता. "इब्रा," त्याने हाक मारली, "बत्त्या कुणी घालवल्या?"

एकही बत्ती विझलेली नव्हती.

बऱ्याच दिवसांनी मी त्याला विचारलं, एवढं माहीत असून गेलास का? तो म्हणाला, "किताब मिळाला, त्या दिवशी समोर पोरगा होता. हसनसारखा. पडत नव्हता. लोक ओरडत होते, मी मारत होतो. सकाळी तो मेला." त्या पोराचं नावही त्याने सांगितलं आणि बजावलं, "हसनला नको सांगू."

त्या सर्कशीनंतर हसन पुन्हा बोटीवर गेला नाही. रोज मुगलचा हात धरून त्याला जेटीवर नेई, माशांतले काटे काढून भरवी. मुगल पुढच्या हिवाळ्यात तापाने गेला, तोवर हे असंच चाललं. आणि रोज वाटेत हसनची कुरकुर ठरलेली असे: "तू उगाच मधी पडलास. तो दमला होता. अजून जरा थांबला असतास तर मीच त्याला लोळवला असता."

मुगल चाचपडत त्याचा खांदा शोधी आणि म्हणे, "हो. तू जिंकत होता."